पासकोड चोराला कळला तर फोनमधलं काय वाचतं?

रानजाई (धागाकर्ती), सोमवार, रात्री १०.२०

गेल्या गुरुवारी माझ्या धाकट्या भावाचा फोन लोकलमध्ये गेला. आमच्या घरातला हा तिसरा. पण आधीचे दोन फोन गेले तेव्हा फक्त फोनच गेले होते. या वेळी फोनच्या मागोमाग बरंच काही गेलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

संध्याकाळी दादरहून डोंबिवलीला येत होता. गर्दी, घाम, बोटाचा ठसा लागेना, म्हणून त्याने आकडे टाकून फोन उघडला. घाटकोपर यायच्या आत दोनदा. चार आकडी पिन. मागे चिकटून उभा असलेला माणूस खांद्यावरून बघत होता, हे त्याला आता आठवतं. ठाण्याला उतरणाऱ्यांचा लोंढा आला आणि गाडी सुटली तेव्हा खिसा रिकामा.

घरी येऊन त्याने माझ्या फोनवर त्याचं गूगल खातं उघडायला घेतलं. पासवर्ड टाकला, तर समोर ओळ आली : तुमचा पासवर्ड २५ मिनिटांपूर्वी बदलला आहे. ती ओळ वाचताना त्याचा चेहरा मी पाहिलाय. फोन शोधायची सोय त्याच खात्यातून चालते, त्यामुळे तो रस्ता बंद. मग बँकेचं आठवलं. तोवर ३८ हजार गेले होते, तेही यूपीआयने. त्याचं म्हणणं, "ताई, यूपीआयचा पिन मी कुणालाच सांगितलेला नाही, फोनचा पिन वेगळा होता." खरं आहे. पण चोराने पिन ओळखला नाही, नवा केला. डेबिट कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो गॅलरीत होते आणि ओटीपी त्याच फोनवर येत होता. आणखी लागतं काय?

पैशांची तक्रार १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) केली आहे, सिम बंद करून नवं घेतलं आहे, रेल्वे पोलिसांकडे नोंद झाली आहे. पण त्या गूगल खात्यात बाबांचे शेवटच्या वर्षातले सगळे फोटो आहेत, ते दुसरीकडे कुठेही नाहीत. आईला अजून सांगितलेलं नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. खातं परत मिळवायला काही मार्ग आहे का? आणि ज्याला पासकोड ठाऊक आहे त्याच्यापासून फोनमधलं वाचवायचं कसं? नेटवरचे सल्ले "मजबूत पासकोड ठेवा" इथेच थांबतात. तो कळला तर पुढे काय, हे कुणी सांगत नाही.

सह्यगंध, सोमवार, रात्री १०.५५

रानजाई, बाकीचं नंतर वाचा, आधी हे करा. चोराने खात्यातला रिकव्हरीचा नंबर बदलला असला, तरी गूगल साधारण ७ दिवस जुन्या नंबरावर किंवा जुन्या ईमेलवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. गुरुवार ते सोमवार, म्हणजे दिवस हातात आहेत. नवं सिम चालू झालंय ना? भाऊ जिथून रोज लॉगिन करायचा तो घरचा संगणक, घरचं वायफाय, तोच ब्राउझर वापरा. ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा बघून गूगल विश्वास ठेवतं. पुन्हा पुन्हा चुकीची उत्तरं टाकत बसू नका. एकदा शांतपणे बसून, जुने पासवर्ड आठवून करा.

रानजाई, सोमवार, रात्री ११.०२

हे माहीतच नव्हतं. घरचा संगणक आहे. भाऊ रात्रपाळीला गेलाय, उद्या सकाळी आला की बसवते त्याला.

सह्यगंध, सोमवार, रात्री ११.४०

आता दुसऱ्या प्रश्नाकडे.

आपण समजतो की फोनचा पासकोड म्हणजे घराच्या दाराची किल्ली. चोर आत आला तरी कपाटाला वेगळं कुलूप आहेच. फोनमध्ये तसं नसतं. तिथे दाराच्या किल्लीनेच कपाटाचं कुलूप बदलता येतं. गूगलचा पासवर्ड विसरलात? स्क्रीनचं लॉक टाका, नवा पासवर्ड करा. साठवलेले पासवर्ड बघायचेत? स्क्रीनचं लॉक टाका. नवा बोटाचा ठसा नोंदवायचाय? पुन्हा तेच. सोय म्हणून ठेवलेली ही वाट चोरालाही तितकीच सोयीची आहे.

आयफोनमध्येही हेच होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत वॉल स्ट्रीट जर्नलने अमेरिकेतल्या अशा चोऱ्यांवर मोठी बातमी केली. बारमध्ये गिऱ्हाईक पासकोड टाकताना बघायचं, मग फोन उचलायचा. पुढच्या काही मिनिटांत ॲपल खात्याचा पासवर्ड बदलायचा आणि 'फाइंड माय' (फोन शोधायची सोय) बंद करायचं. काही लोकांचं खातं कायमचं गेलं, कारण चोराने स्वतःची रिकव्हरी की (खातं परत मिळवायचा लांबलचक कोड) लावून टाकली. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये आयओएस १७.३ मध्ये 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आलं. ते चालू असेल आणि फोन घर-ऑफिससारख्या ओळखीच्या जागेपासून दूर असेल, तर साठवलेले पासवर्ड बघायला चेहरा किंवा बोटच लागतं, पासकोड चालत नाही. खात्याचा पासवर्ड किंवा पासकोड बदलायचा तर चेहरा दाखवा, एक तास थांबा, पुन्हा चेहरा दाखवा. तो एक तास तुमचा. सेटिंग्जमध्ये 'फेस आयडी आणि पासकोड' याच्या आत ते आहे.

अँड्रॉइडमध्ये याचं भावंड म्हणजे 'आयडेंटिटी चेक'. अँड्रॉइड १५ पासून, आधी गूगलच्या पिक्सेल फोनवर आणि सॅमसंगच्या वन यूआय ७ या आवृत्तीवर आलं. सेटिंग्जमध्ये 'थेफ्ट प्रोटेक्शन' असं शोधा. तुमच्या फोनमध्ये असेल तर आज चालू करा.

थेम्सकाठचा, मंगळवार, पहाटे ३.१५

लंडनहून लिहितोय. इथे इलेक्ट्रिक सायकलवरून येऊन हातातला फोन ओढून नेतात, आणि तो उघडाच असतो. त्यामुळे आमच्या ऑफिसात याची चर्चा रोजची आहे.

आयफोनवाल्यांसाठी एक भर. त्या सेटिंगमध्ये 'ओळखीच्या जागेपासून दूर असताना' आणि 'नेहमी' असे दोन पर्याय आहेत. 'नेहमी' निवडा. ओळखीची जागा कोणती हे फोन तुमच्या जाण्यायेण्यावरून ठरवतो. रोज ज्या कॅफेत बसता तीही त्यात येऊ शकते, आणि फोन तिथूनच गेला तर ते संरक्षण लागूच होत नाही. घरातल्या माणसापासूनच जपायचं असेल तर 'नेहमी'शिवाय इलाज नाही.

आणि हे सगळं चालू करूनही पासकोड कळलेला माणूस मेल उघडू शकतो, फोटो बघू शकतो, मेसेज वाचू शकतो. त्याला खातं बळकावता येत नाही, एवढंच.

गोदातीर, मंगळवार, सकाळी ८.०५

शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा आहे. मी गूगल फोटोजमधल्या 'लॉक्ड फोल्डर'मध्ये सगळी कागदपत्रं टाकून निर्धास्त होते. रात्री धागा वाचला, उठले आणि करून बघितलं. फोल्डर उघडताना त्याने बोट मागितलं. दिलं नाही, तर त्याने फोनचाच पिन मागितला, आणि तो टाकल्यावर उघडलं. म्हणजे पिन माहीत असलेल्यासाठी तो फोल्डर उघडाच.

सह्यगंध, मंगळवार, सकाळी ८.३०

अगदी बरोबर. कुठलंही 'लॉक्ड', 'हिडन', 'प्रायव्हेट' म्हणवणारं ठिकाण घ्या आणि गोदातीर यांनी केलं तेच करा : बोट देऊ नका, पुढे काय मागतं ते बघा. फोनचाच पिन मागितला, तर ते कुलूप तुमच्या कामाचं नाही. आयफोनवर आयओएस १८ पासून ॲपला लावता येणारं लॉकही एरवी पासकोडने उघडतं. स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन लावलं की मगच त्याला अर्थ येतो.

स्वतःचं वेगळं कुलूप घेणाऱ्या जागा आहेत. सॅमसंगचं 'सिक्युअर फोल्डर', अँड्रॉइड १५ ची 'प्रायव्हेट स्पेस' (मांडताना वेगळं लॉक निवडायचं, फोनचंच वापरू नका), 'फाइल्स बाय गूगल'मधलं 'सेफ फोल्डर'. आयफोनच्या नोट्समध्ये टिपणाला वेगळा पासवर्ड लावता येतो. तिथेही 'फोनचा पासकोड वापरा' असं तो सुचवतो, ते नाकारायचं. पासवर्ड साठवायला वेगळं ॲप घ्या आणि त्याचा मुख्य पासवर्ड फोनमध्ये कुठेही लिहू नका.

कृष्णाकाठ, मंगळवार, दुपारी १.१०

माझं सांगली जिल्ह्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, बारा वर्षं झाली. चोराचं सगळे बोलताय, मी माझ्या काउंटरवरचं सांगतो. दहातले आठ जण फोन ठेवताना न विचारता पासकोड सांगतात. पॅटर्न असला तर पावतीच्या मागे नऊ ठिपके काढून रेघ ओढून देतात. ती पावती दिवसभर काउंटरवर पडलेली असते. मी माझ्या पोरांवर विश्वास ठेवतो, पण तुम्ही का ठेवावा?

डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंगचा जॅक, या कामांना पासकोड लागत नाही. टच चालतो का हे लॉक स्क्रीनवरच्या इमर्जन्सी कॉलचे आकडे दाबून कळतं. कॅमेराही लॉक उघडल्याशिवाय चालतो. स्पीकर, माईक तपासायचा तर गिऱ्हाईक घ्यायला येतो तेव्हा त्याच्यासमोर तपासतो. सॅमसंगमध्ये 'मेंटेनन्स मोड' आहे, पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड'. तो लावून दिला की आम्हाला रिकामा फोन दिसतो. तुमचे फोटो, मेसेज, ॲप काहीच दिसत नाही, आणि बंद करायला तुमचंच लॉक लागतं. वर्षभरात दोन-तीन गिऱ्हाइकंच तो लावून येतात. बाकीच्यांना मी स्वतः लावायला सांगतो.

कुणी पासकोडचा आग्रहच धरला तर फोन उचला आणि दुसरं दुकान बघा. आणि सांगितलाच असेल तर घरी जायच्या आधी बदला. बदलल्यावर बोटांचे ठसे किती नोंदलेत तेही मोजा. तुम्ही दोन लावले असतील आणि तिथे तीन दिसत असतील, तर तिसरं बोट तुमचं नाही.

अण्णा_खानदेश, मंगळवार, दुपारी ४.२०

माझं वय ६८. आम्हा नवराबायकोचा पॅटर्न एकच आहे, मुलालाही ठाऊक आहे. गेल्या वर्षी मला छातीत दुखलं तेव्हा हिने माझाच फोन उघडून डॉक्टरांचा नंबर काढला, विम्याचे कागद काढले. घरच्यांपासूनही लपवायचं म्हटलं तर अशा वेळी काय करायचं? हा प्रश्न मी मनापासून विचारतोय.

सह्यगंध, मंगळवार, संध्याकाळी ५.००

अण्णा, तुम्ही दोघांनी ठरवून दिलंय, त्यात काही चूक नाही. बदल एकच सुचवतो : पॅटर्नऐवजी सहा आकडी पिन. पॅटर्नची रेघ लांबूनही ओळखू येते, काचेवर बोटाचा मागही राहतो. शिवाय आणीबाणीचे नंबर, रक्तगट, चालू औषधं हे लॉक न उघडता दिसेल असं लावता येतं. आयफोनमध्ये 'मेडिकल आयडी', अँड्रॉइडमध्ये 'सेफ्टी' किंवा 'इमर्जन्सी'च्या सेटिंगमध्ये. आणि पिन कागदावर लिहून, पाकीट बंद करून, कपाटात दागिन्यांजवळ ठेवा. मुलाला फक्त पाकीट कुठे आहे ते सांगा. पाकीट फुटलेलं दिसलं की कळतं कुणीतरी उघडलं.

अबोली_फुलं, मंगळवार, रात्री ११.५०

मी पहिल्यांदाच लिहिते आहे. अण्णांच्या घरी जे आहे ते आमच्याकडे नाही. लग्नानंतर पासकोड मागितला गेला आणि मी दिला. नाही म्हणायची सोय नव्हती. आता मी माहेरी काय बोलले ते मला दुसऱ्या दिवशी ऐकवलं जातं, मेसेज पुसले तरीही. फोन तर दिवसभर माझ्याजवळच असतो. हे कसं होतं? आणि मी पासकोड बदलला तर आणखी चिघळेल.

मोगरा, बुधवार, सकाळी ६.४५

अबोली, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मी एका महिला समुपदेशन केंद्रात काम करते, हे जवळजवळ रोज बघते.

फोन तुमच्याजवळ असूनही मेसेज कळतात, याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनला किंवा संगणकाला जोडलेलं असणं. पासकोड ठाऊक असेल तर तुमचा फोन दोन मिनिटं हातात आला तरी तेवढं होतं. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. तिथे तुमचं नसलेलं नाव, शेवटची वेळ दिसेल. फक्त बघा. लगेच काढून टाकू नका, कारण ते तुटलं की समोरच्याला कळतं. स्क्रीनशॉट तुमच्या फोनमध्ये ठेवू नका, दुसऱ्या माणसाच्या फोनवरून फोटो काढून घ्या.

गूगल मॅप्समध्ये 'लोकेशन शेअरिंग' बघा. गूगल खात्यात 'तुमची उपकरणं' बघा. आयफोन असेल तर 'सेफ्टी चेक' नावाची सोय आहे, कुणाला काय दिसतंय ते एका ठिकाणी सांगते. पण हे सगळं बंद कधी करायचं ते तुमच्या सुरक्षिततेवर ठरवायचं. आधी विश्वासातलं एक माणूस, जायची एक जागा, मग फोन. बोलायचं असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा, पण स्वतःच्या फोनवरून नको, कॉलची नोंद राहते. शेजारणीच्या किंवा ऑफिसच्या फोनवरून करा. जिवावरचं असेल तर ११२.

मैत्रिणीच्या संगणकावर एक नवं ईमेल खातं काढा, जे तुमच्या फोनवर कधीही उघडायचं नाही. तुमच्या कागदपत्रांच्या प्रती तिथे ठेवा. आम्ही येणाऱ्या प्रत्येकीला आधी हेच करायला लावतो.

अबोली_फुलं, बुधवार, दुपारी २.३०

बघितलं. एक जोडलेलं आहे, सात महिन्यांपासून. आत्ता काही केलं नाही. मोगराताई, तुम्हाला निरोप पाठवते, मैत्रिणीच्या घरून.

गोदातीर, बुधवार, दुपारी ३.००

अबोली, सांभाळून. आम्ही इथे आहोत.

थेम्सकाठचा, बुधवार, संध्याकाळी ७.२०

फोन चोरीला जातो तेव्हा काय आधी करायचं, याबद्दल. अँड्रॉइडमध्ये 'रिमोट लॉक' आहे, नुसता मोबाइल नंबर टाकून दुसऱ्या यंत्रावरून फोन लॉक करता येतो. सगळे तेच सांगतात. पण चोराला पिन ठाऊक असेल तर लॉक करून काय मिळणार, तो पिन टाकून पुन्हा उघडणार. अशा वेळी थेट 'इरेझ', म्हणजे दुरूनच फोन पुसून टाकायचा. त्यासाठी गूगल खात्यात शिरावं लागतं, आणि तिथे दुसऱ्या टप्प्याचा कोड गेलेल्याच फोनवर जातो. म्हणून गूगलचे आठ आकडी बॅकअप कोड आधीच छापून पाकिटात ठेवा. आयफोनचं सोपं आहे, आयक्लाउडच्या 'फाइंड' पानावर हा दुसरा कोड न टाकताही फोन पुसायचा आदेश देता येतो.

सह्यगंध, बुधवार, रात्री ९.१०

भारतातल्या वाचकांसाठी यात सिमचं जोडतो, कारण आपल्याकडे सगळं ओटीपीवर चालतं. पुसायचा आदेश दिला की लगेच सिम बंद करा. मग १९३० आणि बँक. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी, आणि तुमच्या निष्काळजीपणामुळे कळवायच्या आधी गेलेलं तुमच्या. त्यामुळे तक्रारीची वेळ आणि क्रमांक जपून ठेवा. पोलिसांच्या नोंदीची प्रत घेऊन 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बंद करता येतो. तो नंबर *#०६# दाबून आजच कागदावर उतरवा.

सिमला स्वतःचा पिन लावता येतो. त्याने चोर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी मिळवू शकत नाही. पण कंपनीने मुळात दिलेला पिन कोणता ते विचारूनच लावा. तीनदा चुकला तर पीयूके (सिम उघडायचा कंपनीचा कोड) लागतो, तो दहादा चुकला तर सिम मेलं. आणि चालू फोन पिनसकट चोराच्या हातात असेल तर सिमचा पिन काही उपयोगाचा नाही, ओटीपी समोरच येतो.

म्हणून गॅलरी साफ करणं सगळ्यात महत्त्वाचं. यूपीआयचा पिन नवा करायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते, किंवा आधारचे पहिले सहा आकडे, आणि ओटीपी. काही बँका कार्डाचा पिनही मागतात, सगळ्या नाही. कार्डाचा फोटो नसेल तर पहिली वाट बंद. आधारची 'मास्क्ड' प्रत ठेवली, जिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, तर दुसरीही बंद. रानजाईंच्या भावाचा फोन जसाच्या तसा गेला असता, पण ते दोन फोटो नसते, तर ३८ हजार राहिले असते असं मला वाटतं.

कृष्णाकाठ, बुधवार, रात्री ९.४०

व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले फोटो विसरू नका. आमच्याकडे निम्म्या गिऱ्हाइकांचं आधार, पॅन, पासबुक तिथेच असतं.

रानजाई, गुरुवार, रात्री १०.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. अबोली, तुमच्याबद्दल सतत विचार येतोय.

मंगळवारी सकाळी भाऊ आला, आंघोळ न करता घरच्या संगणकासमोर बसला. पहिल्या वेळी जमलं नाही. दुसऱ्या वेळी जुन्या नंबरावर कोड पाठवायचा पर्याय आला. कोड आला, आणि गूगलने सांगितलं की तपासणीसाठी थांबा. आज दुपारी खातं मिळालं. चोराने जोडलेली दोन यंत्रं आम्ही लगेच बाहेर काढली, बॅकअप कोड छापले.

संध्याकाळी आईचा फोन घेऊन जेवणाच्या टेबलावर बसलो. गॅलरीत 'आधार' असं शोधलं, तर चौदा फोटो निघाले. तिचं, माझं, भावाचं, बाबांचंही. कार्डांचे सहा. सगळे पुसले. मग कचऱ्याच्या डब्यातूनही पुसले, ते आई स्वतःहून म्हणाली. तिच्या फोनमध्ये आयडेंटिटी चेक नाही, जुना आहे. पिन सहा आकडी केला. गाडीत फोन उघडायचा झाला तर आकडे टाकताना दुसऱ्या हाताने झाकायचं, एटीएमसारखं, हे तिने तीनदा करून दाखवलं.

पैशांचं अजून काही कळलेलं नाही. बाबांचे फोटो मात्र जागेवर आहेत, सगळे. आत्ता हार्ड डिस्कवर उतरवते आहे, अजून चाळीस मिनिटं दाखवतंय.